तक्रारीचे शेवटचे ऐंशी तास

२३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेपासून २६ नोव्हेंबरच्या दुपारपर्यंत महाराष्ट्रात जे घडले, त्यावर भरपूर लिहून झाले आहे. कोण कोणाला कधी भेटले, कोणाचा फोन बंद होता, कोणी कोणाला फसवले, याच्या कहाण्या चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या पडद्यापर्यंत चघळून झाल्या. मात्र त्या ऐंशी तासांचा एक हिशेब फारसा कोणी मांडला नाही. तो मुंबईपासून नऊशेहून अधिक किलोमीटरवर, सिहोऱ्यासारख्या गावांत मांडायला हवा होता. एका सरकारी अभियंत्याने सरकारी ठेक्यांबद्दल केलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले, याचा तो हिशेब आहे.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले सिहोरा हे धानाच्या पट्ट्यातले गाव. एका बाजूला बावनथडी, दुसऱ्या बाजूला वैनगंगा. जवळच सोंड्याटोला उपसा सिंचन योजना, नदीचे पाणी उचलून चांदपूरच्या जलाशयात टाकण्यासाठी उभारलेली. तीच वैनगंगा खाली पवनी तालुक्यात पोचते तेव्हा तिच्यावर गोसीखुर्द उभे असते. म्हणजे नदी एकच, खातेही एकच. त्या खात्याच्या कारभारावर त्याच खात्यातला माणूस उठून बोलला, आणि त्याच्या बोलण्याचा शेवट त्या चार दिवसांत दिसू लागला.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर, संध्याकाळ

मुंबईत वरळीच्या नेहरू सेंटरमध्ये तीन पक्षांची बैठक संपते. शरद पवार बाहेर येऊन सांगतात की मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाले आहे. २४ ऑक्टोबरला विधानसभेचे निकाल लागले होते: भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. १२ नोव्हेंबरपासून राष्ट्रपती राजवट सुरू होती. आता ती उठणार, नवे सरकार येणार, एवढेच काय ते उरले आहे असे सगळ्यांना वाटते.

याच दिवसाची तारीख असलेले एक पत्र अजून कोणी पाहिलेले नाही. त्यासोबत राष्ट्रवादीच्या ५४ आमदारांच्या सह्यांची यादी जोडलेली आहे.

त्या रात्री उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कपाटांत सिंचनाच्या ठेक्यांची चौकशी प्रलंबित आहे. तपासाखालच्या निविदांची संख्या अडीच हजारांच्या वर. उच्च न्यायालयाच्या देखरेखीत नागपूर आणि अमरावती अशी दोन विशेष तपास पथके काम करत आहेत. काही गुन्हे दाखल झाले आहेत, काही आरोपपत्रे गेली आहेत. काम गोगलगायीच्या गतीने चालले असले तरी थांबलेले नाही.

त्याच रात्री, फाइलीच्या तळाशी

ही फाइल कुठून सुरू होते? पहिले पान २२ एप्रिल १९८८ चे. त्या दिवशी राजीव गांधींनी गोसीखुर्दची पायाभरणी केली. १९८३ मध्ये प्रकल्पाला मान्यता मिळाली तेव्हाची किंमत होती ३७२ कोटी २२ लाख रुपये. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत मिळून अडीच लाख हेक्टरांवर सिंचन होईल, असे सांगण्यात आले. गावे उठली, शेते बुडाली. २००७-०८ च्या सुमारास किंमत ७,७७७ कोटींवर गेली. पुढे प्रकल्प राष्ट्रीय झाला, केंद्राचा पैसा आला आणि सुधारित किंमत १८,४९४ कोटींना जाऊन भिडली. मूळ आकड्याच्या जवळपास पन्नासपट.

खात्याच्या भाषेत या वाढीला एक गोंडस नाव आहे: सुप्रमा. सुधारित प्रशासकीय मान्यता. जमिनीचे दर वाढले, सिमेंट-लोखंड महागले, आराखडा बदलला, व्याप्ती वाढली. कारणे खरीही असतात. पण २००९ च्या मध्यावर विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळात जे झाले ते महागाईच्या हिशेबात बसणारे नव्हते. ३८ प्रकल्पांची किंमत अवघ्या सात महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेण्यात आली. बहुतेक मंजुऱ्या विधानसभेच्या निवडणुकीआधीच्या महिन्यांतल्या. तेव्हा जलसंपदा खाते अजित पवारांकडे होते आणि त्या नात्याने महामंडळाचे अध्यक्षपदही.

मार्च २०१२ मध्ये राज्याच्या आर्थिक पाहणीने त्यात एक आकडा टाकला. दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी खर्च होऊनही सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण वाढले ते अवघे ०.१ टक्का. पाहणी सरकारचीच, त्यामुळे आकडा विरोधकांचा म्हणून उडवून लावायची सोय नव्हती.

शनिवार, २३ नोव्हेंबर, पहाटे ५.४७

राष्ट्रपती राजवट मागे घेतल्याची अधिसूचना निघते. एरवी यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता लागते. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नाही. केंद्र सरकारच्या कार्यपद्धतीच्या नियमांतला नियम १२ वापरला जातो: तातडीची गरज असेल तर पंतप्रधान नेहमीची पद्धत बाजूला ठेवू शकतात, मंत्रिमंडळाची मान्यता मागाहून घेता येते.

हा नियम १२ लक्षात ठेवायला हवा. थोड्या वेळाने आपल्याला नियम १० भेटणार आहे.

सकाळी ८ च्या सुमारास

राजभवनात राज्यपाल भगतसिंह कोश्यारी शपथ देतात. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री, अजित पवार उपमुख्यमंत्री. लोक दात घासता घासता टीव्हीसमोर उभे राहतात. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार असे छापलेले आहे आणि ते पान घरोघर पडेपर्यंतच शिळे झाले आहे.

सिंचनाची फाइल ज्यांनी पाहिली आहे त्यांच्यासाठी या दृश्याला आणखी एक पदर आहे. विरोधी पक्षात असताना २०१३ मध्ये याच फडणवीसांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंचनाच्या कागदपत्रांचे गठ्ठे बैलगाडीतून औरंगाबादला, सिंचनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या चितळे समितीपुढे नेले होते. २०१४ च्या प्रचारात अजित पवारांनी तुरुंगात दळण दळण्याची भाषा झाली. सत्तेवर येताच, डिसेंबर २०१४ मध्ये, त्यांच्याच सरकारने लाचलुचपत विभागाला या चौकशीची मुभा दिली. म्हणजे ज्या हातांनी फाइल उघडली आणि ज्यांच्या कारकिर्दीवर ती उघडली, ते दोघे आता एका मंचावर शेजारी उभे आहेत.

येथून तास मोजायला सुरुवात करायची.

शनिवार दुपार

शरद पवार सकाळीच सांगून टाकतात की हा अजित पवारांचा वैयक्तिक निर्णय आहे, पक्षाचा नाही. दुपारी ते आणि उद्धव ठाकरे एकत्र पत्रकार परिषद घेतात. आमदारांची मोजदाद, हॉटेले, बसगाड्या. सगळ्यांचे लक्ष तिकडे.

आपण मधल्या वेळात एका पत्राकडे वळू. ते नाशिकहून निघालेले आहे, २०१२ च्या उन्हाळ्यात. लिहिणारे विजय पांढरे, जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता, राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीचे सदस्य. धरणाचा, कालव्याचा प्रस्ताव तांत्रिकदृष्ट्या बरा आहे की नाही हे तपासण्याचे काम ज्यांच्याकडे, त्यांच्यापैकीच एक. पंधरा पानांचे पत्र. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना आणि राज्यपालांना. त्यात त्यांनी निकृष्ट कामे, फुगवलेली अंदाजपत्रके, ठेकेदारांच्या सोयीने बदललेले आराखडे आणि पांढरा हत्ती ठरलेल्या उपसा सिंचन योजना यांचा पाढा वाचला. वाया गेलेल्या पैशाचा त्यांनी सांगितलेला अंदाज ३५ हजार कोटींचा होता.

उपसा योजनांवर त्यांचा रोख का होता हे सिहोऱ्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. नदीतून पाणी वर चढवायचे तर पंप हवेत, वीज हवी, विजेचे बिल भरायला कोणीतरी हवे. बांधकाम एकदा होते, त्याचे बिल एकदाच निघते. ठेकेदाराला आणि मंजुरी देणाऱ्याला रस असतो तो तेवढ्याच भागात. पंप पुढची वीस वर्षे कोणी चालवायचे, हा प्रश्न अंदाजपत्रकात नसतो. बिल थकले की वीज तुटते, वीज तुटली की रोवणीच्या तोंडावर कालवा कोरडा. काम कागदोपत्री मात्र पूर्ण.

शनिवार रात्र

राष्ट्रवादी अजित पवारांना विधिमंडळ पक्षनेतेपदावरून काढते आणि जयंत पाटलांकडे अधिकार देते. तिन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात धाव घेतात. दिल्लीत रविवारीच सुनावणी ठरते.

रात्र मोठी आहे, तेवढ्यात ठेका कसा मिळतो ते जवळून पाहून घेऊ. लाचलुचपत विभागाने गोसीखुर्दच्या कामांवर जे गुन्हे नोंदवले त्यांत एक पद्धत पुन्हा पुन्हा येते. कालव्याच्या एका कामाची निविदा निघते. तीन कंपन्या भरतात. तिघींनीही बयाणा रक्कम भरलेली, तिघींचीही पाकिटे वेगळी, दर वेगवेगळे. कागदावर चुरस दिसते. पण बयाण्याच्या धनाकर्षामागचे बँक खाते तपासले की हरलेल्याचा बयाणा जिंकलेल्याच्याच खात्यातून निघालेला सापडतो. म्हणजे स्पर्धा नव्हतीच. एकाच माणसाने दोन्ही बाजूंनी पत्ते टाकले होते.

दुसरी पद्धत त्याहून सोपी. निविदा उघडण्याआधीच कामाची अंदाजित किंमत ‘अद्ययावत’ करून वाढवायची. मग ठेकेदाराचा चढा दर त्या वाढीव किमतीच्या जवळ बसतो, आणि नियमात ठरलेली टक्केवारी ओलांडली असे दिसतच नाही. पूर्वअर्हतेच्या कागदांत अनुभवाचा खोटा दाखला घालायचा, ही तिसरी. यातली एकही गोष्ट अंधारात होत नाही. प्रत्येक कागदावर कार्यकारी अभियंत्यापासून वरपर्यंत सह्या असतात. त्यामुळे ती पकडायला पोलिसी हुशारी फारशी लागत नाही, आतला माणूस लागतो. सह्या कुठल्या क्रमाने झाल्या, कोणती टिपणी मागाहून घातली, हे फक्त त्याला दिसते.

नंतर काम सुरू होते. कालव्याला काँक्रीटचे अस्तर घालायचे. मापन पुस्तिकेत, म्हणजे खात्यातले सगळे जिला ‘एम.बी.’ म्हणतात तिच्यात, लांबी, रुंदी, जाडी लिहिली जाते आणि त्यावर बिल निघते. गोसीखुर्दच्या डाव्या कालव्याचे अस्तर पुढे तडकले, निकृष्ट ठरले, आणि चौकशी समित्यांना त्याची नोंद घ्यावी लागली. पुस्तिकेतली जाडी आणि कालव्यातली जाडी यांतला फरक ज्याने पहिल्यांदा पाहिला असेल तो एखादा कनिष्ठ अभियंता असणार. त्याला लिहावेसे वाटले असेल का, आणि लिहिले असते तर कोणाला, हा या घटनाक्रमातला खरा प्रश्न आहे.

रविवार, २४ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

सर्वोच्च न्यायालय सुटीच्या दिवशी बसते. न्यायमूर्ती रमणा, भूषण आणि खन्ना. राज्यपालांकडे दिलेली पत्रे उद्या सकाळी साडेदहाला हजर करा, असा आदेश होतो. पाठिंब्याचे पत्र खरे की खोटे, सह्या कोणाच्या, कशासाठी घेतलेल्या, हे देशाला चोवीस तासांत जाणून घ्यायचे आहे.

त्या मानाने पंधरा पानी पत्राचा प्रवास पाहा. मे २०१२ च्या सुमारास पत्र दिले गेले. चार महिने ते फाइलीत राहिले. सप्टेंबरमध्ये वर्तमानपत्रांत फुटले तेव्हा गदारोळ झाला. २५ सप्टेंबर २०१२ ला अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. आरोप त्यांनी फेटाळले आणि श्वेतपत्रिका निघू द्या, असे आव्हान दिले. नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका आली, तिच्यात ०.१ चा आकडा ५.१७ टक्के झाला होता. ७ डिसेंबरला ते पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. राजीनामा अडीच महिनेही टिकला नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ‘स्टॉकहोम वॉटर प्राइझ’ मिळालेला माणूस. त्यांच्या अभ्यासाबद्दल कोणाला शंका नव्हती. मार्च २०१४ मध्ये अहवाल आला आणि त्यात अनियमिततांची लांबलचक यादी होती. नागपुरात जनमंच या संस्थेने २०१२ पासून जनहित याचिका लावून धरली होती. त्या याचिकेमुळेच फाइल उघडी राहिली, हे मान्य करायला हवे. एरवी समित्यांचे अहवाल कुठे जातात हे आपल्याला ठाऊक आहे.

आणि पांढरे? त्यांनी नोकरी सोडली. २०१४ मध्ये नाशिकमधून आम आदमी पक्षातर्फे लोकसभा लढवून पाहिली. निवडून आले नाहीत.

सोमवार, २५ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

दिल्लीत पत्रे सादर होतात. ५४ सह्यांचे पत्र न्यायालयापुढे येते. युक्तिवाद होतो, निकाल दुसऱ्या दिवशी साडेदहाला देऊ असे न्यायमूर्ती सांगतात. मुंबईत फडणवीस मंत्रालयात जाऊन कारभार हाती घेतात. पहिली सही मुख्यमंत्री साहाय्यता निधीच्या धनादेशावर. अजित पवार मंत्रालयाकडे फिरकत नाहीत. त्यांना खातेही मिळालेले नाही.

सोमवार दुपार

बातमी फुटते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने विदर्भ पाटबंधारे महामंडळाच्या कामांशी संबंधित नऊ प्रकरणांच्या चौकशा बंद केल्या आहेत. पत्रावर तारीख आजची.

शपथविधीला अजून साठ तासही झालेले नाहीत. विश्वासदर्शक ठराव झालेला नाही. बहुमत चाचणीबद्दलचा न्यायालयाचा निकाल उद्या यायचा आहे. मोबाइलवर ते पत्र फिरू लागते आणि क्षणात त्याचा अर्थ लावला जातो: सौदा हा होता तर.

विभागाचे महासंचालक परमबीर सिंह लगेच खुलासा करतात. या नऊ प्रकरणांपैकी एकही अजित पवारांशी संबंधित नाही. सुमारे तीन हजार निविदांची चौकशी चालू आहे, त्यातली ही नेहमीच्या रीतीने बंद केलेली. नवी माहिती आली किंवा न्यायालयाने सांगितले तर ती पुन्हा उघडता येतील.

खुलासा नीट वाचला तर तो खोटा आहे असे म्हणायला पुरावा नाही. चौकशीत काही सापडले नाही तर ती बंद करणे ही रीतच आहे, आणि हजारो निविदांत नऊ म्हणजे काहीच नव्हे. पण जलसंपदा खात्यातल्या एखाद्या अभियंत्याने ती दुपार कशी वाचली असेल? तारखा त्यालाही कळतात. जवळपास पाच वर्षे चाललेल्या चौकशीतल्या नऊ फाइली महिन्याभरापूर्वी बंद करता आल्या असत्या, किंवा महिन्याभराने. नेमका हाच सोमवार का, या प्रश्नाला खुलाशात उत्तर नव्हते. तक्रार करणाऱ्याचे मन मोडायला एवढे पुरते. त्यासाठी कोणाला निर्दोष ठरवावे लागत नाही.

सोमवार रात्र

मुंबईच्या ग्रँड हयात हॉटेलात तीन पक्षांचे आमदार एकत्र उभे केले जातात. ‘आम्ही १६२’ असा फलक. पक्षनिष्ठेची शपथ होते. दुपारपासून ज्या विरोधकांनी सिंचनाच्या पत्रावरून टीकेची झोड उठवली होती, त्यांच्यापैकी कित्येकांना अजित पवार परत यायला हवे आहेत, आणि ते आले की हाच विषय अडचणीचा होणार हेही त्यांना कळते आहे. त्या रात्री राज्यातल्या चारही मोठ्या पक्षांमध्ये सिंचनाची फाइल जोराने चालवावी असे मनापासून वाटणारा कोण उरला होता, हे शोधून पाहावे.

मंगळवार, २६ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

संविधान दिन. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश: उद्या संध्याकाळी पाचच्या आत बहुमत चाचणी घ्या, मतदान उघड असावे, थेट प्रक्षेपण व्हावे.

दुपारी २.३० च्या पुढे

अजित पवार राजीनामा देतात. साडेतीनच्या पुढे फडणवीस पत्रकार परिषदेत येतात, संख्याबळ नसल्याचे सांगतात आणि राज्यपालांकडे राजीनामा द्यायला निघतात. शनिवारी सकाळच्या आठपासून मोजले तर ऐंशी तास.

सरकार गेले. आता सोमवारच्या त्या पत्राला तरी काय अर्थ उरला, असे कोणालाही वाटेल.

बुधवार, २७ नोव्हेंबर

सकाळी विधानभवनात आमदारांचा शपथविधी. दारात सुप्रिया सुळे चुलतभाऊ अजित पवारांना मिठी मारतात, छायाचित्र सगळीकडे छापून येते. फडणवीस काळजीवाहू आहेत, ठाकरे उद्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर शपथ घेणार आहेत. म्हणजे धड या सरकारचा नाही आणि धड त्या सरकारचाही नाही, असा हा एक दिवस.

याच तारखेचे एक प्रतिज्ञापत्र लाचलुचपत विभागाच्या अमरावतीच्या पोलीस अधीक्षकांकडून नागपूर खंडपीठासाठी तयार होते. ते लोकांना कळायला डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडतो. त्याचा आशय असा: कामे राबवणाऱ्या यंत्रणांनी जे केले त्याला महामंडळाचे अध्यक्ष म्हणून अजित पवार यांना जबाबदार धरता येत नाही, तसे कोणतेही कायदेशीर कर्तव्य त्यांच्यावर नव्हते.

येथे नियम १० येतो. नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस, म्हणजे जेमतेम वर्षापूर्वी, याच विभागाचे तेव्हाचे महासंचालक संजय बर्वे यांनी याच न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले होते. महाराष्ट्र शासन कार्यनियमावलीतल्या नियम १० चा त्यांनी आधार घेतला होता: खात्याच्या कामाची प्रथम जबाबदारी त्या खात्याच्या मंत्र्याची. ठेकेदारांना दिलेल्या आगाऊ रकमा आणि वाढीव मंजुऱ्या यांच्या फाइलींवर मंत्र्यांच्या सह्या असल्याने जबाबदारी त्यांच्यावर येते, असे त्यात म्हटले होते.

कागद तेच, सह्या त्याच, विभागही तोच. वर्षभरात निष्कर्ष उलटा झाला. २० डिसेंबरच्या सुमारास परमबीर सिंह यांनीही प्रतिज्ञापत्र देऊन अमरावतीच्या अधीक्षकांची बाजू उचलून धरली. ३० डिसेंबरला अजित पवार ठाकरे सरकारात उपमुख्यमंत्री झाले. सवा महिन्यात त्यांनी दोन वेगळ्या मुख्यमंत्र्यांबरोबर त्याच पदाची शपथ घेतली.

मोजणी संपल्यावर

अजित पवार यांनी सुरुवातीपासून आरोप नाकारले आणि कोणत्याही न्यायालयाने त्यांना या प्रकरणात दोषी ठरवले नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. बर्वे यांचे म्हणणे चुकीचे असू शकते. नंतरच्या प्रतिज्ञापत्राचेही चुकीचे असू शकते. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. कोणते बरोबर, हे भर न्यायालयात, पुरावा मांडून, उलटतपासणीनंतर ठरले असते तर निकाल कसाही लागला तरी तो लोकांनी पचवला असता. तसे झाले नाही. म्हणून या घटनाक्रमातली दुर्घटना सरकार पडण्याची नाही. पांढऱ्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता की खोटा, हे ठरायच्या आतच तो सगळ्यांच्या उपयोगाचा राहिला नाही. विरोधात असताना तो प्रत्येकाला हवा होता आणि सत्तेजवळ आल्यावर प्रत्येकाला नकोसा झाला. तक्रारीचा जीव गेला तो तिथे. ऐंशी तासांत फक्त ते सगळ्यांना दिसले.

२७ नोव्हेंबर ही तारीख या विषयात आधीच नोंदलेली होती. २००३ मध्ये याच दिवशी पहाटे बिहारमधल्या गयेत सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याचा खून झाला. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या ठेक्यांतला गैरव्यवहार त्याने पंतप्रधानांच्या कार्यालयाला पत्र लिहून कळवला होता आणि आपले नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. पत्र नावानिशी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिले. खटल्यात लुटारू दोषी ठरले, पण पत्र का फिरले याचा जाब कोणी दिला नाही. त्या मृत्यूनंतर २००४ मध्ये केंद्राने ठराव करून दक्षता आयोगाला अशा तक्रारी गुप्तपणे घेण्याचा अधिकार दिला. २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, राष्ट्रपतींची सही झाली. तो अमलात आणणारी अधिसूचना मात्र वर्षानुवर्षे निघाली नाही. २०१५ मध्ये त्याला कात्री लावणारी दुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली, तीही पुढे बारगळली. नियम १२ वापरून पहाटे पावणेसहाला अधिसूचना काढता येते, हे ज्या व्यवस्थेला ठाऊक आहे, तिच्याकडून ही एक अधिसूचना इतक्या वर्षांत निघाली नाही.

आता समजा, तुमसर तालुक्यातल्या एखाद्या वितरिकेच्या कामावर एखाद्या कनिष्ठ अभियंत्याला एम.बी.तली नोंद आणि जागेवरचे काँक्रीट जुळत नाही असे दिसले. त्याने काय करावे? दक्षता आयोगाचा गुप्त मार्ग केंद्राच्या नोकरांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, राज्याच्या खात्यासाठी नाही. २०१४ चा कायदा कागदावर आहे. लाचलुचपत विभाग गृह खात्याखाली येतो आणि गृह खाते कोणाकडे असेल हे तो अभियंता ठरवत नाही. वरिष्ठांना लिहिले तर बहुधा त्याच एम.बी.वर त्यांची सही असते. वर्तमानपत्राकडे गेला तर सेवाशर्तींचा भंग.

इतक्या वर्षांच्या अनुभवातून त्याला देता येईल असा सल्ला एवढाच: पत्र लेखी द्यावे, आवक क्रमांकाची पोच घ्यावी, एम.बी.च्या पानाची आणि जागेची तारखेसह छायाचित्रे काढावीत, आणि माहिती अधिकारात तीच पाने दुसऱ्या कोणाकडून मागवून घ्यावीत, म्हणजे प्रत सरकारच्याच शिक्क्याने बाहेर येईल. जमल्यास एखादी जनहित याचिका चालवणारी संस्था गाठावी, कारण गोसीखुर्दची फाइल सात वर्षे जिवंत ठेवली ती एका याचिकेने, कोणत्याही सरकारने नाही. आणि आपल्या तक्रारीवर विरोधी पक्षाने टाळ्या वाजवल्या तर हुरळून जाऊ नये. त्या टाळ्यांची मुदत पुढच्या शपथविधीपर्यंतच असते.